‘ऑक्टोबर ते मार्च’ म्हणजे नेमकं कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर बौद्ध स्थळांच्या यात्रेची एक जाहिरात होती. बोधगया, राजगीर, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, सारनाथ. ‘नाताळच्या सुट्टीत, ज्येष्ठांसाठी खास’. आणि खाली बारीक अक्षरांत, ‘ऑक्टोबर ते मार्च हा यात्रेचा सर्वोत्तम काळ’. हे शेवटचं वाक्य मी या आधीही वाचलंय. पुस्तिकांत वाचलंय, पत्रकांत वाचलंय, एकदा तर कॅलेंडरच्या मागच्या पानावर. सगळे एकमेकांचं बघून लिहितात असा माझा संशय आहे.

मी तीस वर्षं कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसगाड्यांवर कंडक्टर होतो. डिचोली-म्हापसा, पणजी-साखळी-वाळपई, शेवटची काही वर्षं लांबच्या गाडीवर. स्टँडवर म्हातारी बाई विचारते, ‘वाळपयची बस केन्ना?’ तिला ‘सकाळ ते संध्याकाळ’ असं उत्तर देऊन चालत नाही. सात-पाचची की सात-पस्तीसची, ते सांगावं लागतं. ऑक्टोबर ते मार्च म्हणजे सहा महिने. अर्धं वर्ष. त्यात गंगेकाठी चार वेगवेगळे ऋतू येऊन जातात, आणि त्यातला एक तर माणसाला अंथरुणाला खिळवणारा आहे. नेमका तोच नाताळात येतो. हे सांगण्यासाठी पत्र लिहितोय. मी या वाटेवर तीनदा गेलो आहे, तीन वेगळ्या महिन्यांत, आणि तिन्ही वेळा स्वतःच्या खिशातून पैसे भरून.

पहिल्यांदा गेलो ते २०१७ साली. आमची घरं डिचोली तालुक्यात, हरवळ्याच्या गुंफांपासून फार लांब नाहीत. वाड्यावर बौद्ध घरं बोटांवर मोजावी इतकीच. आईची एकच इच्छा होती, बुद्धपौर्णिमा बोधगयेत करायची. ती तेव्हा एकाहत्तर वर्षांची. शिरगावच्या लईराईची जत्रा आटोपली आणि दोन-तीन दिवसांनी आम्ही मडगावला वास्को-पाटणा गाडीत बसलो. ही गाडी आठवड्यातून एकदाच सुटते, पण गोव्यातून थेट बिहारला पोहोचवते, मध्ये बदलाबदल नाही. पौर्णिमा १० मे रोजी होती. स्लीपरचं तिकीट काढलं, कारण एसीतल्या वाऱ्यानं आईचे गुडघे दुखतात. इटारसी सोडली आणि खिडकीतून वारा आत यायला लागला. वारा कसला, भट्टीचं दार उघडावं तसा. तिकडे त्याला लू म्हणतात. आम्ही खिडक्या लावून, वर ओला पंचा अडकवून बसलो.

गोव्याच्या माणसाची इथे एक फसगत होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पस्तीसच्या आसपास असतो, पण अंगाला घामाच्या धारा लागतात, त्यामुळे जीव आपोआप सावली शोधतो, पाणी मागतो. गयेत चव्वेचाळीस असतात आणि घाम दिसत नाही. हवा इतकी कोरडी की घाम आल्या आल्या सुकतो. माणसाला वाटतं, अरे, वाटलं होतं तेवढं काही नाही. आणि दोन तासांनी तो खाली बसतो. २०१९ च्या जूनमध्ये तर उष्म्यापायी गयेच्या जिल्हाधिकाऱ्यांनी १४४ कलम लावलं होतं, सकाळी अकरा ते दुपारी चार बांधकामं बंद ठेवली होती. दंगलीसाठी असलेलं कलम उन्हासाठी लावायची वेळ येते, यावरून काय ते समजा.

महाबोधी विहारात अनवाणी जावं लागतं. मे महिन्यात दुपारी बाराला त्या फरशीवर पाय ठेवून बघा. काही ठिकाणी चटया अंथरलेल्या असतात, त्या चुकल्या की माणूस नाचायलाच लागतो. आई मात्र नाचली नाही, ती शांतपणे चालत गेली आणि रात्री तिच्या तळव्यांना मी खोबरेल लावलं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही राजगीरला गेलो. गाडी उशिरा निघाली, वेणुवनात पोहोचेपर्यंत साडेअकरा. तळ्याकाठी ती उभी होती, एकदम माझा दंड धरला, आणि खाली बसली. बसली म्हणजे कोसळलीच. बांबूच्या सावलीत झोपवलं, तिथल्या एका माळ्यानं डोक्यावर पाणी ओतलं, कुणीतरी मीठ-साखरेचं पाणी आणलं. डोळे उघडल्यावर तिनं पहिलं विचारलं ते हे : ‘पावलीं रे आमी?’ म्हणजे पोहोचलो का रे आपण? गृध्रकूटाचा डोंगर राहिला, नालंदा राहिलं. दोन दिवस खोलीत काढून परत आलो.

बुद्धपौर्णिमेला बोधगयेत जाऊ नका असं म्हणायची माझी छाती नाही. ती रात्र मी बघितली आहे. बोधिवृक्षाखाली एकीकडे पाली, दुसरीकडे तिबेटी, मध्ये आपल्या नागपूर-अकोल्याच्या बायका ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणताहेत, आणि वर विहाराच्या शिखराला टेकलेला चंद्र. पण जायचंच असेल तर पहाटे पाचला दार उघडतं तेव्हा जा, नऊच्या आत खोलीवर या, संध्याकाळी पाचनंतर परत बाहेर पडा आणि त्या यात्रेत फक्त बोधगया करा. बाकीची गावं त्याच फेरीत उरकायचा हट्ट धरू नका. आणि सत्तरीच्या पुढच्या माणसाला न्यायचं असेल तर दहादा विचार करा. मी एकदाच केला होता.

दुसऱ्यांदा गेलो ते २०२२ च्या डिसेंबरात. मुलीला ऑफिसातून सुट्टी तेव्हाच, नातवाची शाळा बंद तेव्हाच, आणि एका यात्रा कंपनीची नाताळ स्पेशल सहल. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण त्यांच्याशी नाही, त्यांच्या कॅलेंडरशी आहे. माणशी चौतीस हजार भरले. विमानानं वाराणसी, पुढे बस. निघण्याआधी आम्ही घरात लोकरीचे कपडे शोधले तेव्हा लक्षात आलं की सबंध घरात मिळून एक स्वेटर आहे, तोही नातवाचा, आखूड झालेला. गोव्यात थंडी म्हणजे सकाळी अंगावर चादर ओढून घ्यावीशी वाटणं. शेजारच्या एकानं कुलूला गेला होता तेव्हाचं जाकीट दिलं, ते घालून मी नऊ दिवस काढले.

धुकं मला माहीत आहे असा माझा समज होता. पहिल्या गाडीला वाळपईहून निघायचो तेव्हा सत्तरी तालुक्यात समोरचा माड दिसायचा नाही. पण आपलं धुकं सूर्य वर आला की पळतं. गंगेकाठचं धुकं बसून राहतं. तिथली जमीन पावसानंतर ओलीच असते, त्यात गव्हाला पाणी सोडलेलं, रात्री कडाक्याच्या, वारा अजिबात नाही आणि उत्तरेला हिमालयाची भिंत. मग ते दुपारी एकला थोडं वर उचलतं आणि चारला पुन्हा खाली उतरतं. काही दिवस तर उचलतही नाही. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत रेल्वे दरवर्षी त्या भागातल्या कितीतरी गाड्या आधीच रद्द करते, आणि ज्या धावतात त्या आठ-आठ, दहा-दहा तास उशिरा येतात. हे काही गुपित नाही. रेल्वे स्वतः पत्रक काढते. सहल आखणाऱ्यानं ते वाचलेलं नसतं किंवा वाचून बाजूला ठेवलेलं असतं.

वैशालीहून कुशीनगरला जाताना आमची बस संध्याकाळी सहाला एका धाब्यावर थांबली ती पहाटे तीनपर्यंत तिथेच. ड्रायव्हर म्हणाला, ‘आगे कुछ नहीं दिखता, बाबूजी.’ मी त्याची बाजू घेतली. बसमधले लोक त्याच्यावर ओरडत होते, हॉटेलचं बुकिंग आहे, जेवण आहे. तीस वर्षं ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसलेला माणूस आहे मी, डोळ्यांना दिसत नसताना गाडी पुढे नेणारा ड्रायव्हर शूर नसतो हे मला कळतं. पण धाब्यावर अडतीस माणसं, त्यातली वीस तरी साठीच्या पुढची, एकच संडास, आणि पारा सहा-सात अंशांवर. एका आजोबांना दमा होता. त्या रात्री त्यांना काही झालं नाही हे नशीब. यात्रेचं श्रेय त्यात काही नाही.

कुशीनगरला पोहोचलो ते सकाळी दहाला. महापरिनिर्वाण विहारात गेलो, उजव्या कुशीवर पहुडलेली ती मूर्ती, सहा मीटरहून थोडी जास्त लांब, अंगावर पिवळं चीवर. ही मूर्ती १८७६ साली कार्लाइल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं खणून काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या सांखवाळला धर्मानंद कोसंबी जन्मले. हा योगायोग मला कुणी सांगितला नव्हता, तिथे पाटीवर साल वाचलं आणि डोक्यात घंटी वाजली. बुद्धाचा धर्म शिकण्यासाठी घर सोडून बाहेर पडलेला गोव्याचा माणूस नेपाळ, बोधगया करत १९०२ साली सिलोनला पोहोचला. त्याच्याकडे ना रिझर्वेशन ना स्वेटर. पण तो तरुण होता आणि त्याला नऊ दिवसांत परत यायचं नव्हतं.

तर, आम्हाला परत यायचं होतं. म्हणून लुंबिनी रद्द झाली. धुक्यात सोनौलीला नेपाळची सीमा ओलांडून जाऊन येऊन वेळेत वाराणसी गाठता येणार नाही, असं मॅनेजरनं सांगितलं. जिथे जन्म झाला तेच ठिकाण वगळलं. बोधगयेतही त्या आठवड्यात २९ ते ३१ डिसेंबर दलाई लामांची प्रवचनं होती, आठवडाभर आधीपासून गावात पाय ठेवायला जागा नव्हती. ते ऐकायला गेलेल्यांसाठी तो भाग्याचा आठवडा, पण आम्हाला खोली मिळाली ती गया स्टेशनजवळ, बारा-तेरा किलोमीटरवर. दलाई लामा हिवाळ्यात तिथे येतात ही गोष्ट काही नवी नाही, सहल ठरवताना एक फोन केला असता तरी समजलं असतं. आणि सारनाथला पोहोचलो तो वार शुक्रवार, ३० डिसेंबर. सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. अशोकाचा सिंहस्तंभाचा शीर्षभाग, जो आपल्या नोटेवर आहे, नाण्यावर आहे, माझ्या जुन्या सरकारी ओळखपत्रावर होता, तो बंद दाराच्या पलीकडे. नातू म्हणाला, ‘आजोबा, नोटेवर बघा.’ नालंदाचं संग्रहालयही शुक्रवारीच बंद असतं, हे तेव्हाच लिहून घेतलं.

घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कंडक्टरची सवय. एका बाजूला तिकडचं हवामान, दुसऱ्या बाजूला आपल्या गोव्याची कामं, आणि मध्ये पंचांग.

ऑक्टोबर, म्हणजे आश्विन. पावसाचं शेपूट असतं, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं, गाड्या सावकाश धावतात. आपल्याकडे भात कापणीला आलेलं. तिकडे त्याच्या थोडं आधी गयेत पितृपक्षाचा मेळा, लाखो लोक पिंडदानाला. मग दसरा, दिवाळी, आणि दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ, बिहारी लोकांचा मोठा सण. छठच्या आधी बिहारला जाणाऱ्या गाडीत शिरायचा प्रयत्न ज्यानं केला आहे त्याला मी आणखी काही सांगायला नको. गोव्यातल्या हॉटेलांत, बांधकामांवर राबणारी सगळी बिहारी पोरं त्याच वास्को-पाटण्यानं घरी निघालेली असतात आणि गाडी त्यांचीच आहे, आपली नव्हे. छठ संपली की मात्र मार्गशीर्षाच्या मध्यापर्यंत काही आठवडे फार सुंदर जातात. कोरडी हवा, धुकं अजून उतरलेलं नाही. डिसेंबरच्या २ तारखेपासून १२ पर्यंत बोधिवृक्षाखाली त्रिपिटकाचं, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांचं, आंतरराष्ट्रीय पठण असतं, निरनिराळ्या देशांचे भिक्खू आणि उपासक एका सुरात पाली म्हणतात. ज्यांना जमेल त्यांनी या दिवसांत जावं. पण आपल्याकडे तेव्हा जुन्या गोव्याचं फेस्त, गावोगावच्या जत्रा, आणि टुरिस्टांचा हंगाम रंगात आलेला. ज्याच्या घरात एक तरी माणूस टॅक्सीवर, हॉटेलात किंवा शॅकवर कामाला आहे, त्याला घर सोडता येत नाही. आणि अशी माणसं नसलेली घरं गोव्यात किती उरलीत?

पौष सोडूनच द्या. त्याबद्दल वर लिहिलं ते पुरे.

राहिला माघ. माघी पौर्णिमेपासून शिगम्याचे ढोल वाजायच्या आत, म्हणजे साधारण फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा पहिला आठवडा. थोडं मागेपुढे, ज्या-त्या वर्षीच्या पंचांगाप्रमाणे. ही पंधरा-वीस दिवसांची खिडकी आहे आणि माझ्या मते गोव्याच्या माणसासाठी यात्रेची वेळ हीच.

हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘आनी काजू कोण पुंजायतलो?’ म्हणजे काजू गोळा कोण करणार? आमची डोंगरावर थोडी काजूची बाग आहे. फेब्रुवारीच्या शेवटी बोंडू पडायला लागतात, पण सडा पडतो तो मार्च-एप्रिलात. तिची समजूत काढली की पहिले आठ-दहा दिवस धाकट्या भावानं बघितलं तर काही बिघडणार नाही. भावजय म्हणाली बघू, म्हणजे हो.

तेव्हा २०२४ साली तिसऱ्यांदा गेलो. २३ फेब्रुवारीला पाटण्यात उतरलो, गाडी फक्त दोन तास उशिरा. दुसऱ्या दिवशी माघी पौर्णिमा. सकाळी राजगीरच्या वेणुवनात गेलो, त्याच तळ्याकाठी जिथे आई पडली होती. बरोबर आई होतीच, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हातात काठी. तिथे थायलंडचे यात्रेकरू पांढऱ्या कपड्यांत रांगेनं बसलेले. माघी पौर्णिमेलाच वेणुवनात बाराशे पन्नास भिक्खू, कुणी निरोप न पाठवता, भगवंतांच्या भोवती जमले होते अशी परंपरा आहे, आणि थाई लोक तो दिवस मोठ्या भक्तीनं पाळतात. आपल्याकडे माघी पौर्णिमा म्हटलं की तेवढं कुणाच्या लक्षात येत नाही. आणखी एक गोष्ट याच तिथीची सांगतात. वैशालीच्या चापाल चैत्यापाशी बुद्धांनी आनंदाला सांगितलं की तीन महिन्यांनी आपलं परिनिर्वाण होईल. माघ, फाल्गुन, चैत्र, आणि मग वैशाखी पौर्णिमा. मी बोटांवर मोजलं. म्हणजे माघात वैशालीला जाऊन पुढे कुशीनगरला जाणारा माणूस त्याच वाटेनं, त्याच दिवसांत चाललेला असतो. हे मला आधी माहीत असतं तर नाताळाचे चौतीस हजार वाचले असते.

हवा कशी? पहाटे शाल लागते, दहाला ती खांद्यावर येते, दुपारी पिशवीत जाते. रोपवेनं विश्वशांती स्तूपापर्यंत वर गेलो आणि उतरताना गृध्रकूटाची वाट धरली. आई मध्ये चार वेळा बसली, पण दमून नव्हे, बघायला. खाली जंगलात पळस पेटलेले होते, आपल्या सत्तरीत पेटतात तसेच. ब्रह्मकुंडाच्या गरम पाण्यात तिनं गुडघे शेकले. वैशालीच्या वाटेवर मोहरीची पिवळी शेतं, गहू कमरेएवढा, आंब्याला मोहोर. बोधगयेत निरंजनेच्या पात्रात वाळूच वाळू, तिकडे पावसाळा सोडला तर ती नदी अशीच असते. वाळवंटातून चालत पलीकडे सुजातेच्या गावी गेलो. महाबोधी विहारात मोबाईल नेऊ देत नाहीत, २०१३ च्या बॉम्बस्फोटानंतर बंदच आहे, त्यामुळे फोन बाहेर ठेवून दोन तास बोधिवृक्षाखाली बसलो. पिकलेलं एक पान आईच्या मांडीवर पडलं. ते तिनं पदराच्या गाठीत बांधून आणलं. शुक्रवार मी नालंदा आणि सारनाथ दोन्हीपासून लांब ठेवला होता.

काटा टोचला तो एकाच ठिकाणी, मुगलसरायला, ज्याला आता दीनदयाळ उपाध्याय जंक्शन म्हणतात. प्रयागचा माघमेळा तेव्हा सुरू असतो, स्नानाला जाणाऱ्यांची गर्दी. म्हणून माघाच्या माझ्या सल्ल्याला एक अट आहे. कुंभाचं वर्ष असेल तेव्हा माघ सोडा. २०२५ साली १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी महाकुंभ होता, त्या दिवसांत प्रयागवरून जाणाऱ्या गाड्यांत काय अवस्था होती ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. दुसरी अट अधिक महिन्याची. अधिक मास आला की राजगीरला महिनाभर मोठा मेळा भरतो, मलमास मेळा म्हणतात. ज्यांना मे-जूनचीच सुट्टी मिळते त्यांनी निदान तेवढं कॅलेंडरात बघून घ्यावं.

ज्यांचं पोट टुरिस्ट हंगामावर आहे आणि ज्यांना फक्त पावसाळाच मोकळा सापडतो, त्यांच्यासाठी ‘ऑक्टोबर ते मार्च’ हे वाक्य म्हणजे थट्टाच. आमच्या वाड्यावरचे दोघे टॅक्सीवाले मला दरवर्षी विचारतात. त्यांना मी सांगतो, श्रावणात अजिंठ्याला जा. वाघोरा नदी वाहती असते, डोंगर हिरवा, धबधबे पडतात, आणि त्या वळणावर उभं राहिलं की कळतं भिक्खूंनी ही जागा का निवडली. पावसाळ्यासाठीच निवडली. बुद्धांनी भिक्खूंना पावसाचे तीन महिने एका जागी राहायला सांगितलं, कारण लोक म्हणू लागले होते की हे श्रमण कोवळं गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, पक्षीसुद्धा पावसात घरट्यात बसतात आणि हे हिंडतात. शेतकऱ्याला ही तक्रार लगेच पटेल. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू, आश्विनी पौर्णिमेला संपतो. ‘चरथ भिक्खवे चारिकं’, म्हणजे भिक्खूंनो, फिरत राहा, हा आदेशही पहिला वर्षावास सारनाथला संपल्यावरचा. बुद्धांनी स्वतः चोवीस-पंचवीस वर्षावास श्रावस्तीला काढले असं सांगतात. म्हणजे प्रवासाचा हंगाम आणि थांबण्याचा हंगाम हे त्यांनीच ठरवून दिलेलं आहे. फक्त अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, हे टॅक्सीवाल्यांना मी दर वर्षी नव्यानं सांगतो. आणखी लांब जायची हौस असेल त्यानं लडाख बघावं. पाऊस हिमालय ओलांडून तिकडे फारसा पोहोचत नाही, आणि हेमिसचा उत्सवही जून-जुलैतच असतो.

आता संपादक महाराज, आपल्याकडे मागणं दोन. एक, यात्रांच्या जाहिरातींत तो बारीक अक्षरांतला मजकूर छापताना निदान महिना सुटा करून लिहायला सांगा. डिसेंबरअखेर नेणार असाल तर ‘दाट धुकं असतं, गाड्या उशिरा धावतात, लुंबिनी रद्द होऊ शकते’ एवढं एक वाक्य टाकलं तर आकाश कोसळणार नाही. दोन, आपल्या सरकारची देवदर्शन योजना ज्येष्ठांना तिरुपती, शिर्डी, वेलंकणीला नेते. चांगली गोष्ट आहे. त्यात कधी बोधगयेची गाडी सोडायचा विचार झाला, तर ती फाइल कृपा करून मे महिन्यात किंवा डिसेंबरअखेर मंजूर होऊ नये. माघ पौर्णिमेच्या आसपासची गाडी सोडा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस दिवस होते. तेव्हा स्वतःहून जाणाऱ्यांनी डिसेंबरच्या मध्यापासूनच खिडकीवर लक्ष ठेवावं.

हे पत्र दसऱ्याच्या आत छापलंत तर उपकार होतील, कारण नाताळ स्पेशलची अनामत रक्कम कंपन्या तेव्हाच घ्यायला सुरुवात करतात आणि एकदा भरली की परत मिळत नाही.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर,
डिचोली तालुका, गोवा

ता. क. : पत्र टाकण्याआधी आईला वाचून दाखवलं. माघाचा सगळा भाग तिनं मान हलवत ऐकला, गृध्रकूटाचं ऐकताना हसली. मग म्हणाली, ‘तो चंद्रीम विसरलो मरे तूं?’ म्हणजे बोधगयेतल्या त्या मे महिन्यातल्या रात्रीचा. मी म्हटलं, आई, तू दुसऱ्या दिवशी पडली होतीस. तर म्हणते, ‘पडून उठलें न्ही? वैशाखी पुनवेक वचात म्हूण बरय.’ तिच्या सांगण्यावरून तेवढंही लिहिलं आहे.